निलगिरीवरचे काळे भुंगेरे

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडून दिलंय. बारामतीत माझी कीड ओळखून देण्याची छोटी खोली आहे. दिवसभर मोबाइलवर पानांचे, अळ्यांचे फोटो येत राहतात. पूर्वी कुतूहल वाटायचं. आता नुसते डोळे दुखतात.

गेल्या महिन्यात इंदापूरकडच्या एका बागायतदाराचा फोटो आला. बांधावरच्या निलगिरीची पालवी आकसलेली, तिच्यावर काळपट, वाटोळे किडे. पाठोपाठ फोन. "सर, समदी पालवी खात्यात. फवारू का?" मी भरलेल्या एसटीत उभा होतो. फोटो बोटांनी मोठासुद्धा केला नाही. म्हटलं, "पानं खाणारे भुंगेरे आहेत. फवारा."

तिसऱ्या दिवशी त्या बागायतदाराच्या शेजारच्या मळ्यातल्या एक ताई आल्या. डाळिंबाच्या बागेत त्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, आणि त्यांच्या माश्या फुललेल्या निलगिरीवर जात होत्या. त्यांनी स्टीलचा डबा उघडला. आत मेलेल्या माश्या, आणि कागदाच्या पुडीत तेच काळे किडे. "ह्यांच्यापायी फवारलं म्हणं. येवढं वाईट हायेत का वो हे?"

मी एक किडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मिशा आखूड, टोकाशी जाडसर. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या मिशा लांब, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या असतात. हे ढालकिडे होते. पालवी आकसवणारी बारीक कीड खायला ते झाडावर आले होते.

तुम्ही आम्हाला सांगवीच्या पुढं कॅनॉलकडेला नेलं होतं, तो दिवस तेव्हा आठवला. तुम्ही निलगिरीच्या फांदीखाली छत्री उलटी धरलीय, काठीनं फांदी झोडपताय, छत्रीत टपटप किडे पडतायत. मी लांबूनच ओरडतो, "पानं खाणारे!" तुम्ही काठी खाली ठेवता. "कसं ओळखलंस?" "काळे आहेत म्हणून." "रंग बघून वांगी घ्यावीत. इथं आधी मिशा बघायच्या, मग पाय, आणि मग तोंड उघडायचं." सगळा वर्ग हसतो. परतताना तुम्ही तुमचं भिंग माझ्या हातात ठेवता आणि म्हणता, "राहू दे तुझ्याकडं. तू घाई करतोस."

ताई समोर उभ्याच होत्या. मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "व्हय ताई, लई नुकसान करतात." त्यांनी मान डोलावली, डब्याचं झाकण लावलं. जाताना म्हणाल्या, "मग फवारणाऱ्याचा तरी काय दोष? आमचंच नशीब खोटं."

त्या गेल्यावर मी बागायतदाराला फोन करून पुढची फवारणी थांबवायला सांगितली. कारण सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. निलगिरीवर आता नवी पालवी आलीय म्हणे. ताईंच्या पेट्या मात्र रिकाम्याच आहेत.

बाई, हे सगळं तुम्हाला लिहिणं सोपं आहे. खरं तर ते ताईंना सांगायला हवं. त्यांचा मळा मला माहीत आहे, एसटीनं दीडेक तासाचा रस्ता. दोनदा डेपोपर्यंत गेलो आणि चहा पिऊन परत आलो.