प्रणालीच्या खुर्चीचा पाइप

अकोला, बुधवार संध्याकाळ

आज माझ्या हातून पोरीची चाकाची खुर्ची बिघडली. चाकाजवळच्या पाइपला बारीक तडा होता, एवढंच. उद्या सकाळी प्रणालीची अमरावतीला नोकरीची मुलाखत. तिचे पाय लहानपणापासून चालत नाहीत, खुर्चीशिवाय ती दारापर्यंतही जाऊ शकत नाही. पाइप ॲल्युमिनियमचा आहे हे माहीत असून मागच्या शेडमध्ये घरच्या, लोखंडासाठीच्या मशीनने वेल्डिंग करायला बसलो. काहून बसलो? तड्याच्या जागी पाइप वितळला आणि बोटभर भोक पडलं. दुकानात फोन केला, तर नवी खुर्ची आठवड्याने येईल म्हणे.

मग लोखंडी पाइपचा तुकडा लेथवर कातून बारीक केला, भोक पडलेल्या पाइपच्या आत सरकवला आणि आरपार नटबोल्ट आवळले. ते भोक डोळ्यांसमोरून हलेना. पाइप वाटेतच तुटला तर?

"आधी मी बसून पाहतो," म्हटलं.

"तुमी कायले? बसाचं तर मले आहे ना," प्रणाली म्हणाली.

तिनं अंगणात फेरी सुरू केली. खुर्ची करकरत होती. मी वाकून, दोन्ही हातांनी धरून मागं मागं.

"बाबा, हात काढा. उद्या मुलाखतीत आत तुमी नाई रायणार."

काढले. ती एकटी फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली. पाइप टिकला. मी तिथंच शेडच्या पायरीवर बसलो आणि तिच्यासमोर रडलो.