खसखस निवडायला आलेले काउंटसाहेब

प्रिय धाकटे साफ्ता,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, पारास्किवाचे, तुला पोटभर आशीर्वाद. खोकला थांबला का? शेळी व्याली का? इकडे सगळे मजेत. अक्षराला हसू नकोस, पाद्रीबाबांनी मला दोनच हिवाळे शिकवलं, त्यातला एक मी गोवराने झोपून काढला.

तर आपल्या नातीचं, राफिलाचं, लग्न रविवारी, शाळामास्तर निकोदिमशी. (मुलगा चांगला आहे, फक्त वाऱ्याने उडेल असा.) पण वरच्या गढीतले काउंटसाहेब, जे आपल्या पणजीच्या लहानपणीच वारले, त्यांचीही नजर पोरीवर गेली. दिवस मावळला की दारात हजर. पांढरेफटक, हात बर्फासारखे, पण वागणं इतकं अदबीचं की आपल्या गावात तसा पुरुष नाही (तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवू नकोस). निकोदिमने शहरातून एक प्रोफेसर आणले. त्यांनी माझा वर्षाचा लसूण खिडक्यांना टांगला आणि मला बजावलं, काही झालं तरी त्या काउंटला ‘या’ म्हणायचं नाही, बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

आता तूच सांग. दारात माणूस, बाहेर बर्फ, आणि तो विचारतोय, "आजी, येऊ का?" माझ्या तोंडून गेलंच, "या, बसा चुलीजवळ."

प्रोफेसर खुर्चीवरून घसरले. राफिला भिंतीला चिकटली. मी लग्नाच्या खसखशीचं पोतं उचललं आणि उंबऱ्यात ओतलं. आई सांगायची ना, थडग्यातून उठलेल्याला सांडलेले दाणे मोजल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. काउंटसाहेब म्हणाले, "आजी, हे बरं नाही केलंत," आणि मांडी घालून बसले. मी म्हटलं, मोजताच आहात तर खडेही बाजूला काढा. (पोतं विहिणीकडचं होतं, अर्धी खसखस, अर्धी माती.)

पहाटे जायचे, संध्याकाळी पुन्हा येऊन बसायचे. इतकी स्वच्छ खसखस मी जन्मात पाहिली नाही. प्रोफेसर त्यांच्या छातीत ठोकायला खुंटी आणि हातोडा घेऊन गढीकडे निघाले, तर मी त्यांना वाटेतच अडवलं. म्हटलं, अजून पाव पोतं बाकी आहे, तोवर त्यांना हात लावायचा नाही.

चौथ्या रात्री शेवटचा दाणा मोजून ते उठले आणि म्हणाले, "आता राफिला."

मी म्हटलं, "ती दुसऱ्याची झाली. पण आमच्या गावात घरी राबलेला माणूस उपाशी जात नाही. चला आत, जेवून घ्या, आणि पोरीचं नाव पुन्हा काढणार नाही असा शब्द द्या."

शब्द दिला. जेवले. निघताना माझ्या हाताचं चुंबनसुद्धा घेतलं. खसखशीच्या चाळीस गोड गुंडाळ्या भाजून तयार आहेत.

तुझी ताई,
पारास्किवा

ता. क. माझे गुडघे अजिबात दुखत नाहीत. दोन नवे दातही आलेत, या वयात.

ता. क. काउंटसाहेब रक्ताशिवाय काही घेत नाहीत, तेव्हा त्यांना काय वाढलं ते राफिलाला कळू देऊ नकोस. माझी मान उंच गळ्याच्या झग्यात झाकून जाते.

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी, की मला आता उन्हात आणि चर्चमध्ये जाणं जमायचं नाही. रविवारी पोरीच्या डोक्यावर माझा हात म्हणून तुझा हात ठेव. दिवस मावळला की मी निकोदिमच्या घरी मेजवानीला येईन, दार वाजलं की फक्त ‘ये ताई’ म्हण. आणि गुंडाळ्या जपून खायला सांग सगळ्यांना. एक दाणा खाली सांडला तरी मला नाच सोडून मोजत बसावं लागेल.