चव घेतली, चांगली आहे

१० डिसेंबर, बुधवार
दिवस पहिला. सकाळी दुधी, आवळा, कोथिंबीर. लेकीने, पल्लवीने, नागपूरहून तक्ता पाठवलाय. पाच दिवस फक्त रस, चावायचं काहीच नाही. तिचे बाबा चहात टोस्ट बुडवत म्हणाले, "तू सुरू केलेलं एक तरी पुरं झालं काय आजवर?" चालणं चार दिवस, योगा दोन, शिवणाचा क्लास एक महिना. खरं आहे, म्हणूनच झोंबलं. यावेळी पुरं करणारच.
शाळेत खिचडीचा वास थेट वर्गात. या आठवड्यात मुलांच्या आधी चव घ्यायची पाळी माझी. आज मसराम मॅडमनी माझ्याऐवजी चाखली, चवीच्या रजिस्टरमध्ये सहीही केली. उद्या त्या रजेवर.
डोकं ठणकतंय.

११ डिसें., गुरुवार
दिवस दुसरा. डोकं फुटायची वेळ. तरी आंधळगावहून शाळेपर्यंत स्कुटी नीट आणली.
कौसल्याबाई बारा वर्षं शाळेत स्वयंपाक करते. स्वतः चाखल्याशिवाय खिचडीचा गंज चुलीवरून खाली उतरवत नाही. पण आज मार्गशीर्षातला गुरुवार, तिचा उपास. म्हणाली, "मॅडम, आज मले चाखता येत नाही. तुमीच पाहा."
चमचा तोंडापर्यंत नेला. एका चमच्याने काय होतंय? पण चालणंसुद्धा असंच सुटलं होतं, एक दिवस नाही गेलं तर काय होतंय म्हणून. वास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "छान झाली," म्हणाले. रजिस्टरमध्ये लिहिलं: चव घेतली, चांगली आहे. खाली सही.
मीठ दोनदा पडलं होतं.
पहिलीची पोरं थुंकायला लागली. मोठ्यांनी दोन-तीन घास कसेबसे गिळले. चौथीतली एक मला विचारते, "मॅडम, पाणीच पिऊन घेऊ काय पोटभर?" सगळी खिचडी टाकून द्यावी लागली. बिस्किटं मागवली, ती पहिली-दुसरीलाच पुरली. बाकीची तशीच बसली सुट्टी होईपर्यंत.
संध्याकाळी गाजर-बीट. प्यायले.

१२ डिसें., शुक्रवार
दिवस तिसरा. भूक मेली. अंग हलकं वाटतंय.
सकाळीच पालक आले. शाळा समितीचे अध्यक्ष तापलेले. "पोरं उपाशी राहिली, सर. स्वयंपाकाची बाई बदला." मुख्याध्यापक सरांनी रजिस्टर उघडून सगळ्यांपुढे धरलं. म्हणाले, मॅडमनी चव घेतली तेव्हा खिचडी चांगली होती, म्हणजे मीठ बाईने नंतर टाकलं. सोमवारी दोनला सभा. कौसल्याबाईला काढायचा ठराव येणार, आणि पुरावा काय, तर माझी सही.
मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही. भित्री कुठची. वर घरी येऊन ह्यांना ऐटीत सांगितलं, तीन दिवस झाले बघा! लिहितानाही लाज वाटतेय.

१३ डिसें., शनिवार
सकाळची शाळा. रस केला नाही. विसरले नव्हते.
कौसल्याबाई तांदूळ धूत होती. मला बघून म्हणाली, "तुमी चाखली तवा बराबर होती ना, मॅडम? मंग मीच टाकलं असन मागून. मले तं काईच याद नाही. डोकंच काम नाही करून राहिलं माहं."
रात्रभर ती हेच आठवत बसली असणार. जे केलंच नाही, ते. मला राहवलं नाही. सांगून टाकलं. चाखली नव्हती, नुसता वास घेतला.
तिचा हात पाण्यात तसाच राहिला. मग विचारलं, "तुमाले बी गुरुवार होता काय?"
"नाही."
"मंग काहून?"
दुधीच्या रसाचं सांगितलं. तक्ता, पाच दिवस, सगळं. स्वतःचे शब्द स्वतःलाच ऐकवेनात. ती रागावली असती तर बरं झालं असतं. खिचडी झाल्यावर चाखायला तिनेच ताटली पुढे केली. मी चमचाभर नाही, सगळी खाल्ली. तिच्यासमोर रडले.

१४ डिसें., रविवार
पाचवा दिवस असता. सकाळी वरण-भात जेवले. हे हसले, "सुटलंच ना?" म्हटलं, सुटलं. मग का सुटलं ते सांगितलं, उद्या सभेत खरं सांगणार हेही, तेव्हा त्यांचं हसू गेलं. "कायले अंगावर घेऊन राहिली? खोटी सही म्हणजे नोटीस येईन तुले. बाईले दुसरं काम भेटन." कुठे भेटणार? नवरा गेल्यापासून तिचं घर याच कामावर चाललंय.
अर्ज लिहिला. तीन कागद फाडले. पहिल्यात "अनवधानाने" असं लिहिलं होतं. अनवधान कसलं, चमचा हातात होता. चौथ्यात सरळ लिहिलं, की मी चव न घेता सही केली, कौसल्याबाईंचा उपास आहे हे मला ठाऊक होतं.
पल्लवीचा फोन. "आई, शेवटचा दिवस ना?" काय सांगणार. उद्या बोलू म्हटलं.
अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला. उद्या देणार.

१५ डिसें., सोमवार, दुपारी पावणेदोन
ठराव होईपर्यंत स्वयंपाक तिचाच. आज वरण-भात. चाखलं. वरणात मीठ कमी. तिला सांगितलं, तिने टाकलं, मी पुन्हा चाखलं. मग मुलांना वाढलं. सगळी जेवली. रजिस्टरमध्ये जसं झालं तसं लिहिलं: मीठ कमी होतं, सांगून टाकून घेतलं. तिला वाचून दाखवलं.
"आजच्या दिवशी तरी नुसतं चांगलं लिवाचं होतं, मॅडम."
खोडलं नाही. ती भांडी घासून ऑफिसच्या दाराबाहेर येऊन उभी राहिलीय. समितीची माणसं आत बसलीत. अर्ज पर्समध्ये आहे. सर हाक मारतायत.