मंडईच्या दिवसांतली माय

माय,

मागच्या महिन्यात भंडाऱ्याला नाकाच्या डॉक्टरकडे गेले होते. तुझ्या वेळी नाकासाठी वेगळा डॉक्टर असतो हेच आपल्या घरात कोणाला माहीत नव्हतं. सर्दीला तुळस, शिंकांना वाफ, आणि दोन्हींनी नाही भागलं तर "होते अंगवळणी" हा शेवटचा उपाय. ही डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे, मला आंटी म्हणते. तिनं नाकात उजेड पाडून पाहिलं. शिंका किती वर्षांपासून येतात, घर रस्त्यालगत आहे का, उशी कशाची आहे, धानाच्या मळणीत त्रास वाढतो का, सगळं विचारलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "आणि मळणीच्या दिवसांत मन कसं राहते, आंटी?" मला हसूच आलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेआधी सिस्टर सगळ्या मुलींचे रुमाल तपासायच्या. तेव्हापासून नाक म्हणजे पुसून टाकायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक. मी म्हणाले, मन ठीकच असतं, फक्त तेव्हा घरी कोणी आलेलं नको वाटतं. आपलं माणूस असलं तरी नको वाटतं. आणि बोलता बोलता मी थांबले, कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुझ्या तोंडून. लाखनीला परत येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मी सारा वेळ तुझाच विचार करत होते.

मला दोन माया आठवतात. एक माझ्या लहानपणची. मी भंडाऱ्याला मावशीकडे राहून शिकत होते आणि सुट्टीत सानगडीला आले की तू मला समोर बसवून इंग्रजी कविता म्हणायला लावायचीस. एक अक्षर कळायचं नाही तुला, पण माझे हातवारे पाहून मागून नक्कल करायचीस, आणि शेजारणी पोट धरून हसायच्या. दुसरी माय नंतरची. माझं लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हाची, आपला जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या सुमाराची. त्याच वर्षी बाबांनी मळणीची मशीन घेतली. त्याआधी धान शेतातल्या खळ्यावर बैलांच्या पायाखाली चुरलं जायचं आणि धूळ तिकडची तिकडेच राहायची. मशीन उभी राहिली ती घराच्या मागच्या भिंतीला लागून. आपलं धान झालं की इतरांचं, सानगडीचं झालं की एकोडीहून ट्रॅक्टर भरून आलेलं. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेली ती घरघर पौषापर्यंत चालायची. तांदळाच्या डब्यावर, देवाच्या तसबिरीवर, पांघरुणांच्या घडीत तुसाचा पिवळा धुराळा बसलेला असायचा. बाबांना त्याचा अभिमान होता. आपल्या दारात साऱ्या गावाचं धान येतं ही काही लहान गोष्ट नव्हती.

आणि नेमकी त्याच दिवसांत मंडई. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात, लेकीजावयांना बोलावणं जातं, घर पाहुण्यांनी फुटायला येतं. आम्ही पोरी वर्षातून एकदा माहेरी यायचो त्या मंडईलाच. मी आता डोळे मिटले तरी ते स्वयंपाकघर दिसतं. तू चुलीपुढे बसली आहेस, डोळे सुजून लाल झाले आहेत, पदर नाकावर दाबलेला आहे. मी पाया पडते तेव्हा तू "आली का" एवढंच म्हणतेस आणि पुन्हा पोळपाटाकडे वळतेस. जेवणं झाली की आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहतेस. बाहेर ओसरीवर बाबा जावयांना सांगत असतात, "हिचं माहेर अर्जुनीकडचं ना. ते गेलं गोंदिया जिल्ह्यात. म्हनून रुसली आहे सरकारवर." सगळे हसतात. एका मंडईला माझ्या सासूबाई आल्या होत्या. परत जाताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "तुही माय आपल्याले पाहून तोंडाले पदर लावते वं. वास येते का आमचा?" पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी अर्धा डझन रुमाल आणले, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या टाक्यानं कडेला फुलं काढून. तू ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलेस आणि म्हणालीस, "एवढ्या नकशीच्या दस्तीनं नाक पुसू का मी?" आणि ट्रंकेत ठेवून दिलेस. मला वाटलं, आवडले नाहीत.

मग तो चैत्रातला दिवस. यांना सानगडीला काम होतं, मी सहज सोबत आले. अगोदर कळवलं नव्हतं. मशीनवर ताडपत्री होती, अंगण सारवलेलं होतं, आणि तू लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होतीस. मला दारात पाहून तू झारा हातात तसाच धरून उभी राहिलीस.

"काहून वं, आता कशी आली? ना मंडई, ना कोनाचं लगन. जावयानं हाकलली का?"

"हाकललं. आता इथंच राहाते."

"राहा ना. गोठा सारवाले बाई पाहिजेच होती मले."

मी किती दिवसांनी तुला अशी पाहत होते! सरपंच नवीन चष्मा घालून कसे मान वर करून चालतात ते तू मला चालून दाखवलंस, तेल कढईत तापत असताना. हसता हसता मला ठसका लागला. तुझ्या आवाजात नाकातला तो जाड पडदा नव्हता, डोळे स्वच्छ होते. मला धीर आला आणि मी विचारलं, "माय, मंडईले तू अशी काहून नाई राहत? आमी सप्पा येतो तं तू भिंतीकडे तोंड करून राहतेस."

तू वडा उलटवलास. "तवा मले कोनी नको वाटते."

"मीही?"

"तूही," तू म्हणालीस. जराही न अडखळता, मीठ कमी आहे म्हणावं तसं. आणि ताटली माझ्याकडे सरकवलीस. "घे, गरम आहे तोवर खाऊन घे."

मी खाल्ले. छान झाले होते. पण त्यानंतरच्या मंडयांना मी आले ती सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जायला. तू राहा म्हणाली नाहीस, मीही विषय काढला नाही. मग एका भाद्रपदात चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन तू गेलीस, आणि ते "तूही" माझ्याकडे राहिलं. खूप राग होता असं नाही. पण हे इतकी वर्षं जपलेलं कुतूहल आहे, माय: आपल्याच पोटची पोर आईला नको कशी वाटते? मी असं काय केलं होतं?

आता माझं ऐक. माझं घर लाखनीला, हमरस्त्याला लागून. ट्रकांची धूळ बारा महिने, आणि रस्त्यापलीकडे धानाच्या बांध्यांची शेतं. चाळिशी उलटल्यावर मलाही सुरू झालं. आधी सकाळच्या शिंका, मग डोळ्यांची खाज, मग रात्रभर तोंडानं श्वास. मागच्या दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. पलीकडे मळणी चालू होती, माझं नाक कितीतरी दिवस बंद होतं. ती मला हातात चहा देत होती, घर झाडत होती, तिच्या ऑफिसातल्या गमती सांगत होती, आणि मी आतून एकच गोष्ट म्हणत होते: हिनं आता बोलणं थांबवावं. एकदा तिनं विचारलंही, "आई, मी आल्याचा तुला त्रास होतोय का?" मी म्हणाले, "नाही गं, काहीतरीच." ती गेली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं म्हणून रडू आलं. पुढे शेतं रिकामी झाली, नाक मोकळं झालं, आणि मी तिला दिवसातून दोनदा फोन करू लागले. शेवटी तीच म्हणाली, "आई, सकाळीच बोललो ना आपण!" मुलगी तीच, मीही तीच. मधे फक्त धान संपलं होतं.

हे सगळं मी त्या दिवशी डॉक्टरला सांगितलं. ती म्हणाली, वर्षानुवर्षं ॲलर्जी असलेल्या माणसांत उदासी जास्त आढळते, एवढं माहीत आहे. नाक बंद असलं की झोप तुटते. झोप तुटली की मन खचतं. शिवाय अंग धुळीशी सतत भांडत असतं, आणि त्या भांडणाचा परिणाम मेंदूपर्यंतही जात असावा असं मानतात.

"म्हणजे नाकामुळे मन?" मी विचारलं.

"किंवा मन खचलं म्हणून नाकाचा त्रास जास्त वाटते. किंवा दोघंही शेजारी-शेजारी. प्रत्येकाचं वेगळं असते, आंटी."

"मग माझ्या आईचं काय होतं?"

"त्यांना मी तपासलं नाही ना. कसं सांगू?"

मी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. तिनं तिन्ही वेळा हसून तेच उत्तर दिलं, आणि नाकात मारायचा फवारा लिहून दिला. मनाचं जास्त वाटलं तर त्याचेही डॉक्टर असतात, लाजू नका, असंही सांगितलं.

माझं समाधान झालं नाही. मी सानगडीला गेले, मोठ्या काकूकडे. तुझी जाऊ अजून आहे, उन्हात खाटेवर बसते, कानानं कमी ऐकते पण जीभ शाबूत आहे. मी ओरडून विचारलं, "काकू, मशीन चालू नसे तवा माय कशी राहे?"

"कशी म्हंजे? वटवट! रोवना लागला का गान्याले तीच पुढं. चिखलात उभी राहून मले चिडवे. म्हने, जाऊबाई, तुमी रोप लावता का कुंकू लावता?"

"आन मशीन चाले तवा?"

"तवा पाहवे ना. निजली का नाक बंद, मंग बसून राहे भिंतीले टेकून. आमी म्हनो, नवऱ्याच्या मशीनचा गर्व झाला बाईले, बोलत नाई. डॉक्टरनं गोळी देली, तं दिवसभर पेंगे. घरची बाई दिवसा निजते म्हनून बोलनं बसे, मंग गोळी सोडली. एकदा म्हनली होती तुह्या बापाले, मशीन तिकडं तलावाच्या पाळीवर न्या. तो म्हने, लोक धान घेऊन तिकडं जातीन का?"

म्हणजे तुला कळलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी तू धागा पकडला होतास. माझा उत्साह पाहून काकूनं मला थांबवलं. "पन सप्पा मशीनवर नको घालू वं. तुहा मामा मेला तवा ती जेठात गप झाली होती, दोन महिने. तवा कोनतं धान चुरून राहिले होते?" आणि मी निघताना म्हणाली, "तुमी पोरी मंडईलेच येत. बाकीच्या वर्षाची ती आमच्या वाट्याले आली."

हे काकूचं वाक्य मी घेऊन आले आहे, आणि तिच्या त्या वाट्याचा मला हेवा वाटतो. तुझ्या गप्प बसण्यातलं नाकाचं किती, मामाचं किती, झोपेचं किती, आणि कोणाशीही संबंध नसलेलं, निव्वळ तुझं असं किती, हे आता कोणी मोजून देणार नाही. पण एवढं मला वाटू लागलंय की त्या दिवशी मी मंडईबद्दल विचारलं होतं आणि तू मंडईबद्दलच उत्तर दिलंस. बाराही महिन्यांचं मी समजले. तू खोटं बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं. मी माझ्या मुलीशी बोलले तसं.

फवाऱ्यानं नाक बरंच मोकळं झालं आहे. मनाचं अजून सांगता येत नाही, कधी वाटतं झालं, कधी वाटतं मीच झालं म्हणते आहे. पलीकडच्या बांधीत कापणी सुरू झाली. काल मुलीचा फोन होता, "दिवाळीला येऊ का?" मी "ये" म्हणाले, आणि तिनं क्षणभर वाट पाहिली, माझ्या आवाजात आणखी काही आहे का म्हणून. तिला सांगायला हवं की या दिवसांत मला कोणी नको वाटतं, तूही, आणि तरी ये. किंवा संक्रांतीनंतर ये, मग तुझी आई भेटेल. सगळं जुळवून ठेवलंय मनात, शब्द न् शब्द. पण खरं सांगते माय, इतकी पानं मी तुला लिहिली ती यासाठी की तू "म्हणजे काय, आई?" असं विचारणार नाहीस. ती विचारेल.