बेचाळीस पावलांचा माळ

मंगलाक्काला अंजनाचा वाकून नमस्कार. (वाचून दाखवणाऱ्या जेलर मॅडमना सलाम. मॅडम, कंसातलं तुमच्यासाठी हाय, मोठ्यानं वाचू नगा. अक्काला अक्षरं येत न्हाईत, तिला कळायचं न्हाई.)

गुडघा कसा हाय? दुधीचा वेल भित्ताडावर चढला का? पुढल्या म्हैन्यात तू सुटणार आन् कडेगावास्नं तुझा भाऊ नाथाजी न्यायला येणार म्हणं, लय आनंद झाला. (मॅडम, हितं जरा हसून वाचा.)

आता माझं ऐक. सुटून माण तालुक्यात म्हायेरी आले, पर गावात कुणी बोलंना. मी नळावर गेले की बाया अर्धा हांडा घेऊन घराकडं. शेवटी माझा भाऊ बिरदेव म्हणला, मेंढरं काय इचारत न्हाईत, त्यांच्यासंगं जा. गेले. आन् अक्का, माळावर एक इपरीतच झालं. आपला जेलातला भाजीचा मळा आठवतो न्हवं? बेचाळीस पावलं चाललं की भित्ताड, मंग माघारी. हितं एवढा मोकळा माळ, पर बेचाळिसाव्या पावलाला माझे पाय आपसूक वळायचे. मी वळले की मेंढरंबी वळायची. आठ दिसांत तेवढाच पट्टा न्हाव्यानं भादरल्यागत झाला. बिरदेव बघून म्हणला, "आगं ए, मेंढरास्नी कशापायी जेलात घातलीस?" मला आपलं नवल वाटायचं, पायास्नी भित्ताड दिसतं तरी कुठनं? आन् म्होरं टेकाड हाय, त्याच्यामागं काय आसंल?

एक काळी मेंढी मातुर लय नाठाळ. वळलीच न्हाई, सरळ टेकाडापल्याड. मी काठी घिऊन मागं, पावलांचं भानच न्हाई. पल्याड आमच्या गावच्या सुलाबाईच्या वांग्याच्या रोपात मेंढी जेवाय बसल्याली! सुलाबाई वरडली, "दिराचं डोस्कं फोडून जेलात गेलीस, आता माझा वाफा खाया आलीस व्हय गं सटवे?" अक्का, पाच म्हैन्यांत गावातलं माणूस पयल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोललं. वाटलं, आणखी दोन शिव्या द्याव्यात बाईनं. (दिल्या. मॅडम, त्या लिवत न्हाई, तुमास्नी वाचाय लागतील.)

खाल्ल्याली रोपं भरून द्यायची म्हणून दुसऱ्या दिशी तिथंच बसले. जेलच्या मळ्यात शिकलो तशी मुळं शेणकाल्यात बुडवून लावली, सगळी जगली. आता सुलाबाई रोज बांधावरनं हाक मारती, "ए जेलवाले, मिरचीची पानं का गं मुरडल्यात?" आन् मी पळत जाती.

तुझी,
अंजना

ता. क. (हे फकस्त मॅडमसाठी. मी कडेगावाला जाऊन आले. नाथाजी येणार न्हाई. दारातच म्हणला, "तिला सांग, आमी मेलो." ह्ये अक्काला सांगू नगा, तिला माझ्या घराकडं नेताना मीच सांगीन. सुटकेची तारीख तेवढी कळवा, फाटकात मी उभी आसंन.)

दुसरी ता. क. अक्का, मॅडम मधीच गप झाल्या आसतील तर त्ये वर शाई फुटलीया म्हणून. आन् सुलाबाई इचारती, जेलात तुझ्यासारखी आणखी कुणी हाय का? म्या म्हणलं, हाय, पर लय भांडखोर हाय. ती म्हणली, "मंग घिऊनच ये."