थोरली मुलगी आली नाही

३ जून

ती. ताईस,
बारकीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पाकिटाची जाडी बघून तुला वाटलं असेल, काहीतरी विपरीत घडलं. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आमचे घड्याळजी दुकानातली चाळीस घड्याळं मिनिटाला मिनिट लावून चालवतात आणि स्वतः जेवायला तासभर उशिरा येतात, तेही नेहमीप्रमाणे चालू आहे.

गोष्ट अशी, की मी शेहेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी झाले आहे. सतरा वर्षं वॉर्डात पेशंट उचलून उचलून माझ्या पाठीने आता हात टेकले. नर्सिंग कॉलेजात शिकवायची जागा मिळण्यासारखी आहे. पण त्या जागेला वरची पदवी लागते, पदवीला प्रबंध लागतो आणि प्रबंध इंग्रजीत लागतो. इथं घोडं पेंड खातं.

विषय माझ्या आवडीचा घेतला आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरच्या घरी सगळं करणाऱ्या बायका. एकवीस घरी जाऊन बसले, पाच वह्या भरल्या. बायका भडाभडा बोलल्या गं, मला एक प्रश्न धड विचारू दिला नाही. मला सगळं कळलं, सगळं लिहिताही आलं आपल्या भाषेत. इंग्रजीत लिहायला बसले की कोणीतरी तोंडात बोळा कोंबल्यासारखं होतं.

तू तिकडे परक्यांच्या पोरांचं इंग्रजी घासूनपुसून देतेस, आता जरा घरच्या म्हशीलाही पाणी दाखव. पहिलं प्रकरण सोबत आहे. फोनवरच विचारणार होते, पण फोनवर आपली गाडी 'बरी आहेस ना' आणि 'हवा कशी आहे' यापुढे जात नाही. आई गेल्यापासून चार वर्षांत ती एकदाही पुढे गेलेली नाही. पत्रात निदान मध्येच 'चल, ठेवते' म्हणता येत नाही.

लोभ आहे तो वाढव, आणि चुका हसत हसत काढ.
तुझी बारकी
(आता कुठल्याही बाजूने बारकी नसलेली)


१९ जून

चि. बारकीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट जिन्यातच उभ्याने फोडलं. शेजारीण वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा माझ्याकडे बघून गेली. दोन्ही वेळा मी हसत होते म्हणे.

माझी कामाची खोली तुला कधी सांगितलीच नाही. इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात आहे. दोन टेबलं, चार खुर्च्या, वर एक लांबट खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. पोरं दाताच्या डॉक्टरकडे यावं तशी येतात. एक पूल बांधणारा इंजिनिअर आहे, त्याची वाक्यंही पुलासारखी लांब आणि मध्ये एकही खांब नाही. एक मुलगी प्रत्येक परिच्छेद 'हे सर्वांना माहीतच आहे' असा सुरू करते. मी तिला विचारते, सर्वांना म्हणजे कोणाला? नाव सांग, पुस्तक सांग, पान सांग. परवा ती म्हणाली, की तुमच्यामुळे मला आता घरी साधं बोलायचीही चोरी झाली आहे.

आमच्या खोलीचा पहिला नियम असा, की आपण दुसऱ्याच्या कागदावर स्वतःचं एकही वाक्य लिहायचं नाही. विचारायचं, चूक दाखवायची, वाट बघायची. वाक्य त्याचं त्याने जुळवायचं. अठरा वर्षांत मी हा नियम मोडलेला नाही.

तुझं प्रकरण चांगलं आहे. पण तू जिथंतिथं 'मी' लिहिलं आहेस. मी गेले, मी पाहिलं, मी अंघोळ घातली. तुमच्या कॉलेजच्या नियमावलीत बसायचं तर या 'मी'ला दाराबाहेर थांबवावं लागेल. 'अंघोळ घातली गेली' असं म्हण. कोणी घातली ते महत्त्वाचं नाही, घातली गेली हे महत्त्वाचं. खुणा केल्या आहेत, बघून घे. आणि बोळा काढ तोंडातला. शाळेत भांडताना तर तू कोणाला ऐकत नव्हतीस.

माझा लोभ तुझ्या स्पेलिंगांनाही पुरून उरेल.
तुझी ताई


१० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या खुणांनी माझ्या कागदाला गोवर आल्यासारखं दिसतंय. चौकोनी कंस, गोल कंस, बाण. घड्याळजींनी भिंग लावून पाहिला आणि म्हणाले, की एवढी चाकं आणि स्प्रिंगा तर माझ्या घड्याळात नसतात.

अंघोळ घातली गेली! ताई, सतरा वर्षांत मी हजारोंनी अंघोळी घातल्या, एकही आपली आपण घातली गेली नाही. कंबर वाकवून कोणीतरी घालतं तेव्हाच होते. पण तू म्हणतेस म्हणून सगळं बदललं. त्याचा परिणाम घरात असा झाला, की काल घड्याळजी मला म्हणाले, चहा घेतला गेला आहे, कप विसळला गेलेला नाही. मी म्हटलं, मग जेवणही वाढलं जाईल, कोणाकडून ते महत्त्वाचं नाही.

आता थट्टा पुरे. सोबत चौथं प्रकरण पाठवते आहे. बावीस घरं, एकालाही नाव नाही, फक्त आकडा. माझ्या मार्गदर्शक मॅडम कडक आहेत पण मनाने चांगल्या. त्यांनीच सुचवलं, की तुम्ही स्वतः घरी हे सगळं केलं असेल तर तेही एक घर धरा. तसं धरलं आहे. सातवं घर आपलं. ते एवढं दीड पान लिहायला मला बाकीच्या एकवीस घरांपेक्षा जास्त दिवस लागले. ते जरा नीट वाच. आणि काय वाटलं ते कळव, निव्वळ व्याकरण नको.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले की अजून वाटतं, खालून आई हाक मारेल, की लवकर ये, एकटीला कंटाळा आला. तुला तिकडे असं काही होतं का?

पत्राची वाट बघायची सवय लागली आहे, ती मोडू नकोस.
बारकी


६ ऑगस्ट

चि. बारकीस,
अ. उ. आ.

चौथं प्रकरण परत पाठवते आहे. त्यावर जरा जास्तच हात फिरवला आहे. तीन रविवार लागले. तुझ्या वाक्यांची मोडतोड फार होती, खुणा करत बसले असते तर कागद दिसला नसता, म्हणून सरळ नव्याने लिहूनच काढलं. तू फक्त तुझ्या अक्षरात उतरवून दे.

सातवं घर वाचलं. खाट खिडकीशी, दर दोन तासांनी कूस बदलणं, चमच्याने पाणी, सगळं वाचलं. नीट केलं आहे.

इथं हवा बरी आहे. परीक्षा जवळ आल्या, खोलीत गर्दी असते. पुलाच्या इंजिनिअरने अखेर एक सहा शब्दांचं वाक्य लिहिलं, आम्ही दोघांनी हात मिळवले.

तब्येतीला जप. पाठीला शेक दे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
ताई


२८ ऑगस्ट

ताईस,
नमस्कार.

मॅडमनी आज मला खोलीत बोलावलं. प्रकरण समोर ठेवलं आणि फार शांतपणे एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. मला सांगता आला नाही. दुसरा विचारला, तोही नाही. मग त्या म्हणाल्या, की लिहिलंय सुंदर, पण हे तुमचं नाही. कोणाकडून लिहून घेतलं? माझ्या वर्गातल्या चाळिशीच्या पोक्त बाया समोर बाकावर बसलेल्या, आणि मी कॉपी करताना पकडलेल्या पोरीसारखी उभी. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांत स्वतः लिहून आणा, मोडकं चालेल. नाही आणलंत तर प्रबंध पुढच्या वर्षावर जाईल. पुढच्या वर्षी ती जागा राहणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

पण मी चिडले आहे ती त्यावरून नाही. घरी येऊन तुझं लिहिलेलं आणि माझं लिहिलेलं शेजारी ठेवून ओळीओळीने वाचलं, आधीच वाचायला हवं होतं. सातव्या घरात माझं एक साधं वाक्य होतं. थोरली मुलगी आली नाही. चार शब्दांचं कर्ता-क्रियापद, त्यात व्याकरणाची चूक असेल तर दाखव. तू तिथं लिहिलं आहेस, की अपरिहार्य परिस्थितीमुळे थोरल्या मुलीस उपस्थित राहणे शक्य झाले नाही.

कोणती परिस्थिती, ताई? तूच पोरांना विचारतेस ना, पुरावा काय म्हणून. आता मी विचारते.

बारकी


९ सप्टेंबर

चि. बारकीस,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

आधी कामाचं. तुझ्या मॅडमना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. प्रकरण मी लिहिलं, तू मागितलं नव्हतंस, तू खुणाच मागितल्या होत्यास, दोष माझा, असं स्वच्छ लिहिलं आहे. इथं आमच्या प्रमुख बाईंनाही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्ष संपेपर्यंत प्रबंधाची पोरं माझ्याकडे पाठवणार नाहीत. पहिल्या वर्षाची स्पेलिंगं तपासते आहे. योग्यच आहे.

आता तू विचारलंस ते.

आई आजारी पडली त्या पहिल्या वर्षी मला खरंच निघता येत नव्हतं. माझे इथं राहण्याचे कागद कचेरीत अडकले होते, गेले असते तर परत शिरू दिलं नसतं. दुसऱ्या वर्षी कागद हातात आले. फेब्रुवारी होता. आई त्यानंतर सात महिने होती. तुला मी फोनवर तीनदा सांगितलं, की रजा मिळत नाही. बारकी, रजा मी मागितलीच नव्हती.

का, ते मी स्वतःलाही कर्मणीत सांगत आले. मागितली गेली नाही, राहून गेलं. आज सरळ सांगते. तू नर्स आहेस, तू सगळं नीट करतेस, या आडोशाला मी बसले. आणि आई मला ओळखेल, हात धरेल आणि थांब म्हणेल, याची मला भीती वाटत होती. थांबले असते तर ही खोली, ही टेबलं, एवढ्या वर्षांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं सगळं गेलं असतं. थांबले नसते तर तिचा हात सोडवून निघावं लागलं असतं. म्हणून आलेच नाही. ती गेल्यावर चौथ्या दिवशी आले आणि नऊ दिवसांत परतले. त्या नऊ दिवसांत तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस, आणि मी ते उपकार मानून घेतले.

तुझं दीड पान मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुझ्या मोडक्या इंग्रजीत आईचा श्वास ऐकू येत होता. तो मला सोसला नाही, म्हणून मी त्यावर चांगलं इंग्रजी अंथरलं.

तुझं वाक्य बरोबर आहे. त्यात एकही चूक नाही. ते तसंच ठेव.

उत्तर आलं नाही तर समजेन.
ताई


२१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा आठवडे मी मुद्दाम लिहिलं नाही. दोनदा लिहून फाडलं. घड्याळजी म्हणाले, एवढा कागद फुकट घालवण्यापेक्षा फोनवर भांड. मी म्हटलं, हे भांडण फोनचं नाही. अजूनही चिडलेली आहे, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की निवळलं.

प्रकरण मी लिहिलं. स्वतः. हॉस्पिटलातून आल्यावर रोज दोन तास, जेवणाच्या टेबलावर, शब्दकोश मांडीत. आधी आपल्या भाषेत म्हणायचं, मग एकेक वाक्य इंग्रजीत न्यायचं, जसं पेशंटला खाटेवरून खुर्चीत नेतात, सावकाश, घाई न करता. लहान लहान वाक्यं झाली. 'मी'सुद्धा ठेवला. मॅडमनी वाचून दहा ठिकाणी दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, आता तुमचा आवाज आला. तुझं पत्र त्यांना मिळालं होतं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की बहिणीला माझा नमस्कार कळवा.

परवा तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले एक गृहस्थ होते, टेबलावर बोटं वाजवत एकामागून एक विचारत होते. बावीसच घरं का, बायकाच का, आकडेवारी कुठे आहे. मला पुरं बोलूच देईनात. चौथ्या प्रश्नाला काय झालं कोण जाणे, मी मान तिरकी केली, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या भाषेतच म्हटलं, विचारून झालं असेल तर आता जरा ऐका. ताई, आवाज माझा नव्हता. हुबेहूब आईचा होता, ती दूधवाल्याला झापायची तसा. गृहस्थांची बोटं थांबली. पुढची वीस मिनिटं मी बोलले, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि त्यांनी ऐकलं. पास झाले. दुसरा वर्ग. जागेची ऑर्डर पुढच्या महिन्यात निघेल असं मॅडम म्हणतात.

बाहेर व्हरांड्यात आले आणि मला असं हसू फुटलं, की भिंतीला टेकावं लागलं. हसत हसत बाजूला वळले, म्हणजे, बघितलंस का, आई कशी आली, असं म्हणायला. बाजूला पाण्याचं पिंप होतं. घरी येऊन घड्याळजींना सांगितलं, तेही हसले, पण त्यांनी पाहिली ती जावयासमोर हळू बोलणारी आई. दूधवाल्याला झापणारी आई आता या जगात फक्त दोघींनी पाहिलेली आहे. त्यातली एक मी.

तुझ्यावर रागावायलाही मला तूच लागतेस, हे फार गैरसोयीचं आहे.

जमलं तर ये. जमणार नसेल तर तसं सरळ लिही.
बारकी


४ नोव्हेंबर

चि. बारकीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि पास झालेल्या विद्यार्थिनीला या जुन्या मास्तरणीचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं त्याच सकाळी रजेचा अर्ज लिहायला बसले. लोकांना लिहायला शिकवणारी बाई मी, आणि दोन ओळींच्या अर्जाचे चार कच्चे खर्डे झाले. पाचवा घेऊन कचेरीत गेले. तिथले म्हातारे कारकून मला पहिल्या दिवसापासून ओळखतात. त्यांनी अर्ज वाचला, माझं कार्ड काढलं, आकडे बघितले, पुन्हा बघितले आणि शिक्का मारून टाकला. मिनिटही लागलं नाही. मग संकोचून म्हणाले, की बाई, इतकी वर्षं तुमची रजा नुसती साठते आहे, चार वर्षांपूर्वीचे ते थोडे दिवस सोडले तर कधी मागितलीच नाहीत, म्हणून आम्ही सगळे समजत होतो की तुम्हाला घरचं कोणी नाही.

मी म्हटलं, आहे. एक बहीण आहे. ती माझ्यावर रागावली आहे.

ते म्हणाले, मग लवकर निघा.

बावीस तारखेला दुपारी पोचते. दोन महिन्यांसाठी.
तुझी ताई