भुऱ्याची जोड

७ जानेवारी २०२६, बुधवार

ह्यांचा गुडघा तसाच. अकोल्याहून लेकाचा, किशोरचा फोन — तो बरा, सूनबाई आरतीची सर्दी गेली. माझा खोकला तर घरचाच पाहुणा, त्याले काय विचारायचं! आमचा कुत्रा भुऱ्या तेवढा बरा नाही. दिवाळीत त्याची जोडीदारीण चिंगी गेली, तेव्हापासून भाकरीकडे पाठ करून पडतो. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, त्याला सोबत पाहिजे. सूनबाई म्हणते, अकोल्यात बेवारस कुत्र्यांचं आश्रयघर आहे, तिथून एक आणू.

हे म्हणाले, "जोड बैलाले लागते. कुत्र्याले कायले?" म्हणाले खरं, पण जायचं ठरल्यावर स्वेटर आधी ह्यांनीच काढून ठेवलं.

१० जानेवारी, शनिवार

जाऊन आलो. ह्यांनी तिथं बैलबाजारच भरवला! एकेकाचे दात पाहिले, पाय दाबले, पाठीवर थाप मारून पाहिली. तिथली गीतांजली हसू दाबत म्हणे, "आजोबा, वखराले जुपता का काय?"

ह्यांनी निवडली ती झिपरी. तांबूस, केसाळ. "पायात दम हाये हिच्या," म्हणे. तिच्याच पिंजऱ्यात एक लंगडा काळा होता. फाटकापर्यंत मागं मागं आला. भुकेला असेल म्हणून मी बिस्कीट टाकलं. त्यानं हुंगलंसुद्धा नाही.

गीतांजलीनं बजावलं — आठवडाभर पाहा, रमली नाही तर परत आणा.

११ जानेवारी

वेडेपणा झाला! ह्यांनी दोघांना एकाच दावणीला बांधलं, मधात एकच घमेलं. "नवा बैल असाच शिकते, शेजारच्याचं पाहून."

मी म्हटलं, "अहो, बैल कडबा खाते. हे एकमेकाले खातीन!"

ऐकतील तर शपथ. भुऱ्यानं झिपरीचा कान फोडला. रक्त, हळद, आरडाओरड. "तुहं खरं" एवढं काही तोंडातून निघालं नाही, पण दावी स्वतःच सोडून माळ्यावर फेकली.

१३ जानेवारी

आज वेगवेगळी घमेली. आणि भुऱ्या जेवला! चाटूनपुसून! मग भाकरीचा एक तुकडा तोंडात धरून नेला न् झिपरीच्या पुढ्यात ठेवला. ज्यानं कान फोडला त्यानंच! माझे डोळेच भरले.

पण ती? तोंड फिरवून फाटकाकडे पाहत बसलेली.

१४ जानेवारी

संक्रांत. गूळपोळी गोड लागली नाही. झिपरी नुसत्या पाण्यावर आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

जिवाला थारा नाही. घरात आले की अंगणात जावंसं वाटतं, अंगणात गेले की तिचं तोंड पाहवत नाही. डॉक्टर म्हणतात ताप नाही, कानही भरून आला. मग काहून खात नाही ही?

सकाळपासून हे गुडघा धरून तिच्याजवळ बसले आहेत, हातात दूधभाकरी. "खाय ना माय. माह्यावर राग हाये ना? त्या दाव्यानं भेवली तू. नाही बांधत आता." इतकं गोड हा माणूस माझ्याशी पन्नास वर्षांत बोलला नाही!

भुऱ्या तिला टेकून झोपतो आता. तिला परत दिली तर हा पुन्हा भाकरीकडे पाठ करणार. ठेवली तर ती आपल्या डोळ्यांदेखत जाणार. धरलं तर चावते, सोडलं तर पळते — तसं झालं.

गीतांजलीला फोन लावला. बाहेरगावी होती. "उद्या बोलते आजी," म्हणाली.

१७ जानेवारी

फोन आला. "आजी, तो लंगडा काळू होता ना? तो बी तवापासून जेवला नाही. मी नवीन, मले आजच समजलं. दोघं संगच सापडले होते, परतवाड्याच्या स्टँडवर."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बैल घेताना पयले इचारतो आपन, जोडीदार कोनता. इथं दात पायले, पाय पायले, न् तेच नाही इचारलं! जोड फोडली वं मी."

मग उठून टोपी शोधायला लागले. किशोरला आम्हाला न्यायला गाडी घेऊन निघायला सांगितलं. मी गीतांजलीला मोबाईलवर लिहिलं — पोरी, आम्ही येतो आहोत, झिपरीला घेऊन. परत द्यायला नाही, काळूला न्यायला. त्याचे दात कोणी पाहणार नाही. झिपरीचा आवाज पाठवते, तो ऐकव त्याला फोनवर, आणि त्यानं घासभर खाल्लं का ते लगोलग कळव.